अंगठा, कात्री आणि नावापुढची अक्षरं

पत्र थोडक्यात : लिहिणाऱ्या बाई पन्नाशीला टेकल्या आहेत आणि वीसेक वर्षं घरी शिवणकाम करतात. पाच महिन्यांपूर्वी त्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. हाड जागचं हललं नव्हतं, त्यामुळे नुसतं प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं, मनगट सुधारत होतं. आणि एका दुपारी कापड कापताना अंगठा कात्री उघडेना. दुखलं नाही, सूज आली नाही. अंगठ्याचं टोक नुसतं खाली पडून राहिलं. प्लास्टर घालणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितलं, 'अंगठा उचलणारा टेंडन तुटलाय. तर्जनीचा एक टेंडन फिरवून तिथे लावावा लागेल. मी करू शकतो, पण हवं तर हॅन्ड सर्जनना दाखवा.' आता घरात तीन नावं फिरताहेत. एक हे डॉक्टर, पण 'त्यांच्याकडे पुन्हा कोणत्या भरवशावर जाऊ?' असं बाई म्हणतात. दुसरे गुडघे आणि खुबे बदलण्यासाठी नावाजलेले अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्या पदव्या दोन ओळी भरतील एवढ्या, आणि दिरांचा कौल त्यांनाच. तिसऱ्या एक प्लास्टिक सर्जन, ज्या फक्त हाताचंच काम करतात. त्यावर बहीण म्हणते, 'प्लास्टिक सर्जन चेहऱ्याचे असतात, त्यांचं हाताशी काय काम?' बाईंना विचारायचंय : यातला खरा हॅन्ड सर्जन कोण, आणि पदव्यांवरून ते ओळखायचं कसं? पत्राच्या तळाशी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'डॉक्टरांना त्यांचं शिक्षण विचारणं बरं दिसत नाही ना?'

ताई,

त्या बारीक अक्षरातल्या वाक्यापासूनच सुरुवात करते. ते सुटलं की बाकीचं निम्मं सुटेल.

तुमच्याकडे पहिल्यांदाच येणारी बाई भारी कापड समोर ठेवते आणि विचारते, 'असं कापड आधी शिवलंय का हो?' तुम्हाला राग येतो? मला नाही वाटत. ज्याला काम येतं तो अशा प्रश्नानं खुलतो, आधीच्या कामाबद्दल दोन गोष्टी जास्तच सांगतो. सर्जन याला अपवाद नाहीत. 'डॉक्टर, हे ऑपरेशन तुमच्या नेहमीच्या कामातलं आहे का?' एवढं सरळ विचारलं तर चांगला सर्जन दुखावत नाही. आणि दुखावलाच, तर ती माहितीही तुमच्या उपयोगाचीच.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. हाताच्या ऑपरेशननंतर जो स्प्लिंटचा (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचा) आणि व्यायामाचा भाग असतो, ते काम मी बरीच वर्षं केलं. सर्जनांनी शिवलेले हात माझ्या टेबलावर यायचे. सर्जन कुठल्या कॉलेजात शिकले हे त्या टेबलावर कधी कळलं नाही. टेंडन किती ताणून शिवलाय, छेद कुठे आणि कसे घेतलेत, पेशंटला पुढचं काय सांगून पाठवलंय, हे मात्र पहिल्या दहा मिनिटांत कळायचं. तेव्हा माझं मत या बाजूनं झुकलेलं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी तुमच्या अंगठ्याला नेमकं काय झालंय ते बघू, कारण सर्जन त्यावरून ठरतो. आपल्या बोलण्यात 'नस' किंवा 'शीर' हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींना चालतो : रक्त वाहणारी नळी, संवेदना आणि हुकूम नेणारी नर्व्ह, आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारा दोर, म्हणजे टेंडन. घरी सगळे 'शीर तुटली' म्हणत असतील. तुमचा दोर तुटलाय. बधिरपणा नाही, रंग बदललेला नाही, फक्त उचलणं गेलंय.

मनगटाच्या मागच्या बाजूला हाडाला एक बारीक उंचवटा असतो. अंगठा उचलणारा टेंडन त्याला वळसा घालून, अरुंद खोबणीतून अंगठ्याकडे जातो. हाडाला चीर गेली की त्या चिंचोळ्या जागेत रक्त साकळतं, सूज येते, मुळातच बेताचा असलेला रक्तपुरवठा आणखी आटतो. टेंडन आतल्या आत झिजत राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एखाद्या किरकोळ हालचालीला तुटतो. गंमत अशी, की हाड जागचं न हललेल्या मोडीत हे जास्त दिसतं. हाड फार हललं तर ती खोबण फाटते आणि टेंडनला मोकळी जागा मिळते; नुसती चीर असली तर खोबण शाबूत राहते आणि आत कोंडी होते. म्हणजे 'किरकोळ फ्रॅक्चर होतं, तरी असं झालं' असं नाही. किरकोळ होतं म्हणूनही असं होऊ शकतं.

हे एवढं सांगण्याचं कारण तुमचं 'कोणत्या भरवशावर' हे वाक्य. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं असं तुम्ही मनात धरलंय. या दुखण्यावरून तरी तसं म्हणता येत नाही. उलट त्यांनी निदान बरोबर केलं, उपाय नेमका सांगितला आणि दुसऱ्याकडे दाखवायचा पर्याय स्वतःहून दिला. माझ्या हिशोबात त्यांचं वजन वाढलंय. त्यांना यादीतून काढू नका.

आता 'खरा हॅन्ड सर्जन'. कुठेतरी एक शिक्का असतो आणि तो असेल तो खरा, असं तुम्ही गृहीत धरलंय. स्वीडन, फिनलंड, सिंगापूर अशा मोजक्या देशांत हाताची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा आहे. बाकी बहुतेक ठिकाणी, भारत धरून, डॉक्टर आधी दुसरं काहीतरी होतो आणि मग हाताकडे वळतो. त्याला मुख्य दारं दोन : ऑर्थोपेडिक्स आणि प्लास्टिक सर्जरी. अमेरिकेत जनरल सर्जरीचं तिसरं दारही आहे, पण त्यातून येणारे थोडे.

दोन दारं का, याची गोष्ट मला आवडते. बोटं, तळहात आणि मनगट मिळून 27 हाडं. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि लांब दोरांनी बोटं ओढतात. त्याच दोरांच्या शेजारून नर्व्ह जातात, मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या जातात, आणि वर कातडी अशी, की जरा आखडली तरी बोट वाकत नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी हातांचे सैनिक परतायला लागले, तेव्हा हाड एकाकडे, कातडी दुसऱ्याकडे आणि नर्व्ह तिसऱ्याकडे अशी वाटणी होत होती. अमेरिकी लष्कराचे प्रमुख सर्जन नॉर्मन कर्क यांनी स्टर्लिंग बनेल यांना सल्लागार नेमलं आणि हातासाठी खास केंद्रं उभी राहिली. बनेल यांचा आग्रह असा, की हाताच्या सगळ्या भागांचं काम एकाच सर्जनला करता आलं पाहिजे. 1946 मध्ये अमेरिकेत हॅन्ड सर्जनांची संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. पुढे 1965 मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या सर्जनांनी पूर्ण तुटलेला अंगठा रक्तवाहिन्या शिवून परत बसवला. सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखा धागा चालवण्याची कला हाताच्या कामात मुरली ती त्या सुमारापासून.

तेव्हा बहिणीला सांगा, प्लास्टिक सर्जरीतल्या 'प्लास्टिक'चा बादलीशी संबंध नाही आणि केवळ चेहऱ्याशीही नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं. भाजलेलं, फाटलेलं, तुटलेलं पुन्हा घडवणं हे या शाखेचं जुनं काम, आणि हात त्यात पहिल्यापासून आहे. तुम्हाला सुचवलेलं ऑपरेशन, म्हणजे एका कामाचा टेंडन काढून दुसऱ्या कामाला लावणं, याची आपल्याकडची थोर परंपरा तर कुष्ठरोग्यांच्या हातांवर घडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून असे टेंडन फिरवून वाकडी बोटं कामाला लावत होते. तुमच्या बहिणीच्या प्रश्नाची दुसरी बाजूही खरी आहे : प्लास्टिक सर्जन म्हणून दारावर पाटी असली, तरी रोजचं काम चेहऱ्याचं आणि चरबीचं असू शकतं. दारावरून घर कळत नाही.

आता अक्षरं. दिरांच्या दोन ओळींसाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते.

भारतात एमबीबीएसनंतर एमएस (ऑर्थो) हे तीन वर्षांचं शिक्षण. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी त्याच तोडीची. प्लास्टिक सर्जरीचा नेहमीचा रस्ता लांब आहे : आधी जनरल सर्जरीची तीन वर्षं, मग एमसीएच या वरच्या पदवीची किंवा डीएनबीची (आता तिचं नाव डीआरएनबी) आणखी तीन. या सगळ्यांत हाताचा भाग शिकवतात, पण अनेक भागांपैकी एक म्हणून. ऑर्थोच्या विद्यार्थ्याला कणा, खुबा, गुडघा, लहान मुलांची हाडं, सगळंच पाहायचं असतं. म्हणून त्यानंतर हातासाठी वेगळा वेळ दिला का, हा तुमचा प्रश्न. आपल्याकडे त्यासाठी 'एफएनबी, हॅन्ड अँड मायक्रोसर्जरी' हे राष्ट्रीय मंडळाचं दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे. हाताच्या शस्त्रक्रियेत एमसीएच ही पदवीही आता आहे, पण ती असलेले लोक अजून फार नाहीत. अमेरिकेत मूळ शाखा पूर्ण केल्यावर हाताचं एक वर्ष करतात. 1989 पासून तिथे या विषयाची वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे आणि तिला बसायला आपण केलेल्या शस्त्रक्रियांची यादी द्यावी लागते. युरोपातही हाताच्या शस्त्रक्रियेची सामाईक बोर्ड परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये हात ही वेगळी शाखा नाही, त्यामुळे तिथले हॅन्ड सर्जन नोंदणीत ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक म्हणूनच दिसतात.

इथवर सरळ आहे. घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. एमआरसीएस आणि एफआरसीएस यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण पहिली परीक्षा ब्रिटिश सर्जनच्या प्रशिक्षणाच्या सुरुवातीची आणि दुसरी, शाखेचं नाव लावलेली, शेवटाकडची. भारतात प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच म्हणजे तीन वर्षं. ऑर्थोपुढे दिसणारं एमसीएच काही वेळा परदेशी विद्यापीठातल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाचं असतं. दोन्ही खोटी नाहीत, पण एकाच मापाची नाहीत. आणि सुवर्णपदक लेखी-तोंडी परीक्षेतल्या गुणांना मिळतं. ते मिळवणारा हुशार असतो यात शंका नाही, पण ते पदक बहुधा पंचविशी-तिशीतलं असतं आणि तुम्हाला चाळिशीतले हात हवेत.

सगळ्यात फसवा शब्द 'फेलो'. एक फेलोशिप म्हणजे वर्ष-दोन वर्षं एखाद्या मोठ्या केंद्रात रोज ऑपरेशनला उभं राहणं. दुसरी म्हणजे आठवडाभर किंवा महिनाभर बाजूला उभं राहून पाहणं. तिसरी म्हणजे एखाद्या संस्थेचं सभासदत्व, अर्ज आणि वर्गणी भरून मिळालेलं. पाटीवर तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून फेलोशिप दिसली की तीनच गोष्टी विचारा : कुठे, किती महिने, आणि तिथे स्वतः ऑपरेशन करत होता की पाहत होता? हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, मान्य. 'तिथे तुम्हाला हाताचं प्रत्यक्ष काम बरंच करायला मिळालं असेल ना?' असा गोड करून विचारलात तरी उत्तर तेच मिळेल.

हे पडताळायला कोणाची ओळख लागत नाही. भारतात 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहायचा असतो, आणि नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या आणि खरंच व्यावसायिक ज्ञान दाखवणारी प्रमाणपत्रंच लावायची असतात. राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे आणि राष्ट्रीय नोंदवहीत नाव किंवा क्रमांक घालून शोधता येतं. इतर देशांतही अशा नोंदवह्या लोकांना खुल्या असतात. ब्रिटनमध्ये तर विशेषज्ञांची वेगळी यादीच आहे. घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम. पण ही नोंदवही एवढंच सांगते, की माणूस म्हणतो ते शिकलाय. आज तो काय करतो हे ती सांगत नाही. आणि इंटरनेटवरच्या ताऱ्यांबद्दल म्हणाल, तर पाच तारे बहुतेक वेळा स्वागतकक्षातल्या मुलीच्या हसण्याला मिळतात आणि एक तारा दोन तास ताटकळण्याला. टेंडनबद्दल त्यात क्वचित काही असतं.

म्हणून भाऊजींच्या सर्जनांबद्दल माझं मत रोखठोक : गुडघा बदलायचा असता तर मी तुम्हाला तिथेच जा म्हटलं असतं. दोन ओळी पदव्या असोत, आठवड्याचे सहा दिवस जो माणूस गुडघे आणि खुबे करतो त्याच्यासाठी तुमचा अंगठा हे पाहुण्याचं काम आहे. कदाचित ते स्वतःच तुम्हाला हे सांगतील. मोठे सर्जन बरेचदा सांगतात.

उरले दोघे. इथे पदवी मागे पडते आणि तपासणी पुढे येते. दोघांकडेही एकदा जा आणि हात कसा बघतात ते पाहा. तुमच्या दुखण्यात तपासणीच्या दोन छोट्या हालचाली आहेत. पहिली : तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचला. तो उचलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दुसरी महत्त्वाची : मूठ मिटा आणि फक्त तर्जनी सरळ करून दाखवा, कोणाकडे बोट दाखवावं तशी. तर्जनी सरळ करायला बहुतेकांना दोन टेंडन असतात. एक चारही बोटांच्या सामाईक स्नायूचा, दुसरा तिचा स्वतःचा. हा स्वतःचा टेंडन उसना घेऊन अंगठ्याला द्यायचा बेत आहे. तो ठणठणीत आहे का, हे या हालचालीत दिसतं. जो सर्जन उसनवारीआधी सावकाराची तिजोरी तपासतो, त्याला हे काम ठाऊक आहे. जो नुसता एक्स-रे उजेडात धरून 'करून टाकू' म्हणतो, त्याच्याकडे मी तरी माझा हात दिला नसता.

मग बोलणं. गेल्या वर्षभरात टेंडन फिरवण्याची किती ऑपरेशनं केलीत, हे विचारा, पण उत्तर शेकड्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नका. हे रोज होणारं ऑपरेशन नाही. फक्त हाताचं काम करणाऱ्या सर्जनकडेही वर्षाला मोजकीच येत असतील. मात्र टेंडनची इतर कामं सतत चालू असायला हवीत. ऑपरेशन स्वतः करणार की शिकाऊ डॉक्टर करतील आणि हे बाजूला उभे राहतील, हेही विचारायला हरकत नाही. शिकाऊंनी हात लावणं वाईट असं नाही, पण तुम्हाला आधी माहीत असावं. दोन टेंडन एकमेकांत विणताना ताण किती ठेवणार, कसा ठरवणार? यात या ऑपरेशनचा सगळा जीव आहे. सैल राहिला तर अंगठा पुरता उचलत नाही, फार ताणला तर मिटत नाही. तुम्हाला हे शिकवायला नको, इलॅस्टिक लावताना हाच हिशोब असतो. आजकाल काही सर्जन पेशंटला जागं ठेवून, फक्त हात बधिर करून हे करतात आणि शिवता शिवता 'अंगठा उचला' म्हणून ताण तपासतात. पूर्ण भूल देऊनही हे उत्तम होतं. पद्धत कोणती यापेक्षा तीच का, याचं उत्तर समाधानाचं आहे का ते पाहा.

आणखी एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही : ऑपरेशन केलंच नाही तर? सर्जन यावर काय बोलतो ते नीट ऐका. अंगठ्याचं हे उचलणं गेलं तरी काही माणसांचं बरंचसं काम भागतं आणि ती तशीच राहतात. त्यात चूक नाही. तुमचं तसं नाही, कारण कात्री उघडणं हीच तुमची रोजीरोटी आणि हातही उजवा. तरी 'न करणं' हाही पर्याय टेबलावर ठेवून मग बाजूला सारणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. तसंच तुटलेल्या टेंडनच्या दोन टोकांमध्ये दुसरा तुकडा जोडणं हाही एक मार्ग असतो. तो तुमच्यासाठी का नको किंवा का हवा, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तर्जनीचं काय होईल, हेही. बहुतेकांची तर्जनी सरळ होत राहते. एकटीनं सरळ व्हायचा जोर थोडा कमी होऊ शकतो. सुई ओवताना, कापडावर टाचण्या लावताना तुम्ही तर्जनी कशी वापरता ते सर्जनला सांगा, ते त्यांना आपणहून कळणार नाही.

आणि ऑपरेशननंतर हात कोण बघणार? माझा धंदा हा, म्हणून पुन्हा सांगते, पण धंदा बाजूला ठेवूनही मी हेच सांगितलं असतं. नेहमीच्या पद्धतीत साधारण चार आठवडे स्प्लिंट असतो, काही ठिकाणी लवकर हालचाल सुरू करतात, आणि जोराच्या कामाला तीनेक महिने धरावे लागतात. मधल्या काळात मेंदूला नवी वाट शिकवायची असते. पहिल्या दिवसांत आम्ही पेशंटला 'अंगठा उचला' म्हणत नसू, 'कोणाकडे तरी बोट दाखवा' म्हणत असू, आणि अंगठा वर यायचा! स्वतःचाच अंगठा पाहून दचकलेली माणसं मी पाहिली आहेत. थोड्या आठवड्यांत ही युक्ती लागेनाशी होते. ज्या सर्जनच्या जवळ हाताचा थेरपिस्ट आहे, किंवा जो निदान एकाचं नाव सांगून 'तिसऱ्या दिवशी तिथे जा' म्हणतो, त्यानं हे काम पुरतं विचारात घेतलंय. 'घरी बॉल दाबत बसा' एवढंच सांगणारा मला पुरेसा वाटत नाही, मग पदव्या काहीही असोत. अंगठा उचलायला शिकायचंय, दाबायला नव्हे.

आता मला विचाराल तर मी आधी त्या प्लास्टिक सर्जनबाईंना दाखवलं असतं, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दलचं एकच वाक्य महत्त्वाचं आहे : 'फक्त हाताचंच काम करतात.' पण त्या तपासणी उरकून टाकणाऱ्या निघाल्या आणि तुमचे प्लास्टरवाले डॉक्टर टेंडनची कामं नियमित करत असले, तर मी बिनदिक्कत त्यांच्याकडे परत गेले असते. आणि डॉक्टरबाईंकडे जाताना आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक्स-रे मागून न्या. लपूनछपून दुसरं मत घेण्याची गरज नाही. त्यांनीच तर ते सुचवलंय.

घाई किती? तुमच्या बाबतीत दोन-चार आठवडे शोधण्यात गेले तरी बिघडत नाही, कारण तुटलेला टेंडन परत शिवायचा नाही, दुसरा आणायचा आहे.

हे मात्र सगळ्यांना लागू नाही, म्हणून इतर वाचकांसाठी लिहिते. काच, सुरी, यंत्र यांनी हात कापला आणि बोट वाकेना किंवा बधिर झालं, तर पदव्या चाळत बसू नका. त्याच दिवशी, हाताचं काम होतं अशा मोठ्या रुग्णालयात जा. ताजा टेंडन काही दिवसांत शिवला तर नीट जुळतो, आठवडे गेले तर टोकं आखडून दूर सरकतात. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून बरोबर न्या. बोटाला थेट बर्फ लावू नका. आणि रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणं, बोट अडकून खटकन सुटणं अशा नेहमीच्या तक्रारींसाठी दुर्मीळ पदव्यांचा माणूस शोधत हिंडायचीही गरज नसते. ही ऑपरेशनं अनेक ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जन सतत करतात, आणि त्याआधी स्प्लिंट किंवा इंजेक्शननं भागतं का हे पाहायचं असतं. मात्र एकदा झालेलं ऑपरेशन बिघडून पुन्हा करायचं असेल, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा झिजलेला दिसत असेल, किंवा नर्व्हला इजा असेल, तर हातातच मुरलेला सर्जन शोधण्यासाठी प्रवास करावा लागला तरी करावा.

तुम्ही तोवर एक करा. खाली पडलेलं अंगठ्याचं टोक डाव्या हातानं हळूच सरळ करत राहा, दिवसातून पाच-सहा वेळा, दुखेपर्यंत नाही. सांधा आखडला तर नवा टेंडन येऊनही अडेल. तुमच्या डॉक्टरांना विचारून हे सुरू करा.

आणि भेटीला जाताना कापड कापायची ती कात्री पिशवीत घालून न्या, सोबत कापडाचा एक तुकडा. अंगठा कुठे अडतो ते तोंडानं सांगू नका, टेबलावर कापून दाखवा. दोघांपैकी कोणता सर्जन खुर्ची पुढे ओढून बघतो, ते मला कळवा.